शनिवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी

आसुन्सिऑन, सोमवार, ६ नोव्हेंबर

पोफी,

सही अजून केलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तरी शांतपणे वाचशील.

तुझ्या कंपनीने लिहिलेला अहवाल माझ्या पिशवीत आहे. 'नोंदणी कचेरीच्या संगणक व्यवस्थापक निमिया ओवेलार यांच्या हलगर्जीपणामुळे बाहेरची अज्ञात व्यक्ती आत शिरली आणि तिने एकोणीस जमिनींच्या उताऱ्यांवरची नावं बदलली.' त्याखाली कंपनीच्या तीन माणसांच्या सह्या आहेत, आणि तिसरी सही माझ्या सख्ख्या भावाची आहे. चौथी जागा रिकामी आहे. तिथे 'मान्य' असं लिहून मी शुक्रवारपर्यंत सही केली, तर माझी नोकरी राहील. खुर्ची जाईल, स्टेशनरीच्या खोलीत बसावं लागेल, पण पगार चालू. नाही केली, तर सोमवारी चौकशी समितीपुढे उभं राहायचं आणि तिथून थेट घरी जायचं.

तू माझा फोन चार वर्षांपासून अडवून ठेवला आहेस. कंपनीचा मेल कोण कोण वाचतं ते तुला माझ्याहून चांगलं माहीत. म्हणून हे कागदावर लिहून एन्कार्नासिऑनच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, सोबत चीज घातलेल्या चिपा-पावांचा डबा. चिपा वहिनीसाठी आहेत, तुझ्यासाठी नाहीत.

तर मंत्रालयाला जाग आली आहे. आपल्या कचेरीतला प्रकार झाल्यावर त्यांनी सगळ्या सरकारी आणि कंत्राटी संगणकवाल्यांना एका खोलीत कोंबलंय. पाच दिवस, विषय नेटवर्कची सुरक्षा. बंदराजवळची जुनी इमारत, तिसरा मजला, एसीचं पाणी बादलीत गळतंय. सव्वीस जण आहोत. सरकारी माणूस आणि त्याच्याच कचेरीचं काम घेतलेला कंत्राटदार, अशा जोड्या लावल्यात. माझ्या शेजारी कोण बसलं असेल सांग. तुझा साहेब, गास्पार विलासांती. अत्तर इतकं, की मला दिवसभर शिंका.

शिकवायला इंजिनियर कास्तोरिना इन्सफ्रान आहेत. पन्नाशीच्या, बुटक्या, घसा बसलेला. सकाळी आल्या त्या थर्मास आणि शिंगाचा पेला घेऊनच. म्हणाल्या, उकडतंय, आधी तेरेरे पिऊ. मग काय, खुर्च्या गोल झाल्या, चहासारखा पाला, थंड पाणी, पुदिना, एकच पेला, एकच नळी, या हातातून त्या हातात. हसणं-खिदळणं सुरू झालं. फेरी रंगात आल्यावर त्या पेला भरता भरता सहज म्हणाल्या, दुपारच्या सरावासाठी प्रत्येकाच्या सर्व्हरला जोडायचंय, तेवढे पासवर्ड सांगून ठेवा, मी लिहून घेते.

सव्वीसपैकी बावीस जणांनी सांगितले. ज्याच्या हातात पेला तो सांगत होता, जणू पाळीच आली आहे. पेला रिकामा करून परत द्यायचा आणि पासवर्ड द्यायचा. शेवटी बाईंनी थर्मासचं झाकण लावलं आणि सगळे पासवर्ड फळ्यावर लिहिले. नऊ जणांचे फुटबॉलच्या संघाचे, सहा जणांचे काकुपेच्या मेरीमातेचं नाव आणि पुढे वर्ष.

"परदेशातून पुस्तकं येतात," बाई म्हणाल्या, "त्यात लिहिलेलं असतं की चोर अनोळखी मेल पाठवतो. आपल्याकडे चोराला एवढे कष्ट कशाला? गोलात येऊन बसला की झालं. पेला हातात असताना आपण नाही म्हणत नाही. ही नळी सगळ्यांची एक असू दे. बाकी काही एक नको."

त्या बावीस जणांत मी होते. लिहिताना कान तापतायत, पण लिहितेय. विलासांती त्यात नव्हता. त्याने पेला घेतला, प्यायला, आणि गप्प बसला. शहाणा माणूस.

चार वर्षं ती कचेरी मी एकटीने चालवलीय, पोफी. एका सकाळच्या फजितीने मी हलगर्जी ठरत नाही.

निमिया


आसुन्सिऑन, मंगळवार, ७ नोव्हेंबर

पोफी,

उत्तराची वाट पाहत नाहीये. तरी ड्रायव्हरला विचारलं, तर म्हणे डबा तू स्वतः येऊन घेतलास आणि पत्र तिथेच उभ्याने वाचलंस.

आज विलासांती जेवणाच्या सुट्टीत माझ्यापाशी येऊन बसला. माझ्या ताटातली सोपा, मक्याची वडी, पाहून म्हणाला, घरच्यासारखी लागत नसेल ना. मी म्हटलं, घरची करणारी ऑगस्टमध्ये गेली. त्याने चेहरा पाडला, छातीवर क्रुसाची खूण केली आणि दुसऱ्याच मिनिटाला कागद काढला.

"बाई, सही म्हणजे काय, शाईच ती. स्टेशनरीच्या खोलीत पंखा आहे, खिडकी आहे. आमच्याकडे लोक खिडकीसाठी भांडतात."

"मग तुम्हीच बसा तिथे."

"तुमच्या भावाचाही विचार करा. तो किती अडचणीत आहे तुम्हाला कल्पना नाही."

तुझी कसली अडचण ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी म्हटलं, माझा भाऊ माझ्याविरुद्ध सही करून मोकळा झाला, त्याचा विचार त्यानेच केलाय. वर म्हटलं, ज्या तेओदोसियाबाईंच्या उताऱ्यावर परक्याचं नाव चढलं, त्यांचा विचार कोणी केलाय का? त्या सत्तर वर्षांच्या बाई मुलीच्या नावे जागा करायची म्हणून उतारा काढायला आल्या होत्या. कागद हातात घेऊन मला म्हणाल्या, "निमियाबाई, मी मेले पण नाही आणि विकलं पण नाही, मग हा कोण?" नावं आता जुन्या प्रतीवरून परत नीट केलीत, हे खरं. पण ज्याने बदलली त्याच्या हातात किल्ली अजून आहे. हा कागद तर म्हणतो की कोणी शोधूच नका, ही बाई वेंधळी होती, संपला विषय. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि संन्याशाने स्वतःच दोर आणून द्यायचा.

दुपारी इन्सफ्रानबाईंनी विचारलं, कोणाच्या कचेरीत सोडून गेलेल्या माणसाचं खातं अजून चालू आहे? एका नगरपालिकेचा माणूस म्हणाला, आमचे जुने साहेब वारून सहा वर्षं झाली, त्यांचं खातं आहे, दर मार्चला सगळ्यांना त्यांच्या वाढदिवसाची आठवण येते आणि आम्ही केक आणतो. हसून हसून सगळ्यांचे डोळे भरले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, माणूस गेला की त्याच दिवशी खातं बंद. निरोपाची मेजवानी नंतर. खातं ठेवणं हा मान नाही, ते उघडं दार आहे.

मग हात वर करायला सांगितले. अकरा हात वर गेले.

मी हात वर केला नाही. विलासांती माझ्याकडे पाहत होता. अहवालात लिहिलंच आहे की 'एक बेवारस पडलेलं जुनं खातं' वापरून तो माणूस आत शिरला. कुणाचं खातं ते लिहिलेलं नाही. आपल्या दोघांना माहीत आहे.

तुझं खातं कामाच्या घाईत बंद करायचं राहून गेलं. एवढंच.

निमिया


आसुन्सिऑन, बुधवार, ८ नोव्हेंबर

पोफी,

काल खोटं लिहिलं. घाईत राहून गेलं नव्हतं.

तू ही नोकरी सोडून कंपनीत गेलास त्या दिवशी कचेरीच्या मागच्या अंगणात निरोपाच्या मेजवानीचं मांस भाजलं जात होतं, आणि सगळ्यांसमोर मी तुला म्हटलं की तू विकला गेलास. तू हातातली सुरी खाली ठेवलीस आणि म्हणालास, तुला ही कचेरी झेपणार नाही, तीन महिन्यांत रडत येशील. मी आले नाही. रडलेही नाही. पण तिसऱ्या महिन्यात एका शुक्रवारी सर्व्हरची जागा भरली, काही केल्या उतरेना, आणि मी दार लावून घरी गेले. सोमवारी येऊन पाहते तर निम्मी जागा मोकळी. मला वाटलं मातेची कृपा. मग लॉग उघडला, कोण कधी आत आलं त्याची नोंद. शनिवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं, पी-ओवेलार. तू आला होतास. कचरा काढलास, रोजची प्रत नीट घेतली जातेय का पाहिलंस, चाळीस मिनिटांनी गेलास.

पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही.

तर मी चार वर्षं कचेरी एकटीने चालवली हे सोमवारी लिहिलं ते अर्धंच खरं आहे. उरलेलं तू शनिवारी चालवत होतास. आणि मी ते पाहत होते. सोमवारी कचेरीत गेल्यावर तेरेरेच्याही आधी मी लॉग उघडायची. तुझं नाव दिसलं की कळायचं, भाऊ जिवंत आहे, बरा आहे, उठून बसलाय. गेल्या वर्षी तीन शनिवार तू आला नाहीस. मी वहिनीच्या बहिणीला काहीतरी निमित्त काढून फोन केला, तेव्हा कळलं की तुला डेंगू झाला होता. आईला मी सांगायचे, पोफी ठीक आहे. ती विचारायची, बोलणं झालं का? मी म्हणायचे, हो.

आता सांग, असं खातं कुठल्या बहिणीने बंद केलं असतं? बंद करायला हवं होतं. पण केलं नाही, आणि घाईत तर मुळीच नाही.

अहवालावर सही केलीस त्याच्या पुढच्या शनिवारीही तू आलास. चौकशी चालू असेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही असा हुकूम आहे, म्हणून दार तसंच उघडं. नऊ वाजून दहा मिनिटं. ते पाहून मला रडू आलं आणि तोंडात शिवीही आली.

आता आजचं ऐक. चार वर्षं मी त्या ओळीतलं नाव वाचलं आणि वेळ वाचली. शेजारी एक आकडा असतो, कुठल्या ठिकाणाहून आला त्याचा. तो मी कधी वाचलाच नाही. पत्र आलं की अक्षर ओळखायचं आणि पाकिटावरचा शिक्का बघायचाच नाही, तशी माझी गत. आज बाईंनी तेच शिकवलं. भिंतीवर मोठा पडदा लावला आणि प्रत्येकाला आपापल्या कचेरीला जोडायला सांगितलं. प्रत्येकाच्या नावापुढे आकडा उमटला. विलासांतीची जोडणी तुमच्या कंपनीच्या एन्कार्नासिऑनच्या कचेरीतून फिरून आली, म्हणून त्याच्या नावापुढे तिथला आकडा.

माझ्या वहीत १७ ऑगस्टची ओळ उतरवलेली आहे. गुरुवार, संध्याकाळचे पाच वाजून बारा मिनिटं, पी-ओवेलार, आणि त्यापुढे आकडा. तोच आकडा, पोफी. पडद्यावर होता तो. तुझ्या शनिवारांचा आकडा वेगळा आहे, दर खेपेला तोच एक, तुझ्या घरचा. मी चार वेळा ताडून पाहिलं. अज्ञात नाही, बाहेरचा नाही. तुमच्या कचेरीतल्या खुर्चीवर बसून कोणीतरी तुझ्या नावाने आत आलं.

आणि तो तू नव्हतास. १७ ऑगस्ट म्हणजे आईच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा शेवटचा दिवस. प्रार्थना सांगणाऱ्या सिप्रियानाबाई पाचला येणार होत्या, आल्या नव्हत्या, म्हणून मी घड्याळ पाहिलं, पाच दहा. मान वर केली तर तू चिपाची टोपली घेऊन माझ्यासमोर उभा. मी घेतला नाही. तू टोपली तशीच धरून उभा राहिलास, मग पुढच्या बाईकडे गेलास. त्याच वेळी आपल्या घरापासून दोनशे किलोमीटरवर, तुमच्या कचेरीतून, तुझ्या नावाने एकोणीस जमिनी फिरत होत्या.

तुझा पासवर्ड त्यांना कसा मिळाला असेल ते मी विचारत नाही. सोमवारी बावीस जणांच्या तोंडून ऐकलंय. कधीतरी फेरीत कोणी म्हणालं असेल, पोर्फिरियो, त्या कचेरीचं जरा एक काम अडलंय. तुझ्या हातात पेला असेल.

तुझी अडचण आता समजली. विलासांतीने तुला सांगितलं असणार की खातं तुझं आहे, सही कर नाहीतर तुरुंगात जाशील. आणि तू भ्यालास. माझ्यावर खापर फोडलंस, पण भिऊन फोडलंस. हे कळल्यावर राग कमी होईल असं मला वाटलं होतं. नाही झाला.

निमिया


आसुन्सिऑन, गुरुवार, ९ नोव्हेंबर

पोफी,

आज सकाळी ड्रायव्हरने रिकामा डबा परत दिला. आत पार्सलच्या पावतीमागे तुझं अक्षर. चार वर्षांत मला लिहिलेले तुझे पहिले शब्द.

'सही कर. पगार राहील. आईची शपथ.'

हे लिहिलंस तेव्हा माझं कालचं पत्र तुला मिळालेलं नसणार, असं मी धरून चालते. मिळूनही लिहिलं असशील तर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. पण आईची शपथ मला घालायची नाही. शेवटचे अकरा महिने तिची पाठ मी पुसली. तुझी आठवण काढून ती रडायची तेव्हा तू बरा आहेस हे मीच सांगायचे, लॉगमधून वाचून. तिच्या शपथेवर तुझा हक्क माझ्याएवढाच आहे आणि ती मी मानत नाही.

दुपारी मी इन्सफ्रानबाईंना सगळं सांगितलं. जिन्यात, उभ्याने. त्या प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याने वारा घेत ऐकत होत्या. मला वाटलं म्हणतील, वा, शोधलंत. तसलं काही म्हणाल्या नाहीत.

"मी वर्गात शिकवते, समितीत माझं काही चालत नाही," त्या म्हणाल्या. "एकच सांगते. खरं लिहायचं असेल तर आधी आपलं लिहा. स्वतःची चूक दुसऱ्या पानावर टाकणाऱ्याचं पहिलं पान कोणी धरत नाही."

मी म्हटलं, आपलं लिहिलं तर नोकरी जाईल. त्या म्हणाल्या, "जाईल." मग वारा घेत खाली गेल्या.

संध्याकाळी चारला वर्ग सुटल्यावर मी मागे थांबले. तुझ्या नावाखाली आपल्या कचेरीतली किती कामं आपोआप चालतात ते मोजलं. रोजची प्रत, उताऱ्यांची छपाई, रविवारची सफाई, मिळून सात. तू चार वर्षांपूर्वी लावलीस ती अजून तुझ्याच नावावर. खातं बंद केलं असतं तर सगळंच ठप्प. सातही कामं मी काढून कचेरीच्या नावावर लावली. दोन अडली. तुझी लिहायची पद्धत वाकडी आहे, पोफी, तेव्हाही होती. साडेपाचला दोन्ही चालू झाली. रडले नाही.

विलासांती जाता जाता म्हणाला, उद्या दुपारी बारापर्यंत कागद द्या, मला बस पकडायचीय. मी म्हटलं, मिळेल. त्याला वाटलं सही मिळेल.

निमिया


घरी, शनिवार, ११ नोव्हेंबर

पोफी,

काल सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी तुझं खातं बंद केलं.

शेवटच्या दिवसाचा सराव असा होता की प्रत्येकाने आपल्या कचेरीतलं एक उघडं दार सगळ्यांसमोर बंद करायचं. माझं नाव पुकारलं तसा मी पुढे गेले, आणि पडद्यावर यादी उघडून पी-ओवेलारवर बोट ठेवलं. विलासांती उभा राहिला. म्हणाला, चौकशी चालू आहे, कशालाही हात लावायला मनाई आहे, हे बेकायदा आहे.

"हात लावायच्या आधी प्रत काढून ठेवतात," इन्सफ्रानबाई म्हणाल्या. "मंगळवारी शिकवलं. तुम्ही तेव्हा फोनवर होतात."

पूर्ण लॉगच्या दोन प्रती काढल्या. पाकिटं चिकटवली, पाठीवर सहा जणांनी साक्षीदार म्हणून नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक घातला. केकवाला सगळ्यात आधी उठला. मग मी वर्गाकडे तोंड करून सांगितलं की मंगळवारी मी हात वर केला नव्हता, आज करते. हे माझ्या भावाचं खातं आहे. चार वर्षं मी ते जाणूनबुजून उघडं ठेवलं, कारण त्याची खुशाली कळायचा दुसरा मार्ग मी ठेवला नव्हता. चूक माझी. पण १७ ऑगस्टला त्या नावाने जो आला तो माझा भाऊ नव्हता आणि बाहेरचाही नव्हता. मग तो आकडा वाचून दाखवला. बुधवारी सगळ्यांनीच तो पडद्यावर पाहिला होता, त्यामुळे कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. विलासांती फोन कानाला लावून बाहेर गेला आणि त्याची पिशवी खुर्चीवर तशीच राहिली.

त्याचा कागद मी त्याच पिशवीत ठेवला, माझ्या सहीची जागा कोरीच. माझा स्वतःचा दोन पानी जबाब मंत्रालयाच्या आवक खिडकीवर देऊन पोच घेतली. पहिलं पान माझ्या चुकीचं आहे. दुसऱ्यावर आकडे आहेत. साडेतीनला संचालकांचा फोन आला. सोमवारी अकरा वाजता समितीपुढे जबाब, आणि निकाल काहीही लागला तरी किल्ल्या तिथेच जमा करायच्या. मी जाणूनबुजून ठेवलं असं स्वतः लिहून दिल्यावर ते मला ठेवू शकत नाहीत. मी म्हटलं, ठीक आहे.

प्रमाणपत्र मिळालंय, सगळ्यांसारखंच. आईच्या फोटोशेजारी लावणार आहे, कोणाला हसायचं त्याने हसावं.

आणि आज शनिवार. सकाळी पावणेनऊला मी कचेरी उघडून आत जाऊन बसले. काम काही नव्हतं. रोजची प्रत नीट घेतली गेली होती, जागा मोकळी होती, उतारे छापले जात होते. तुझ्यावाचून. ते पाहिलं आणि लॉग उघडून बसले. माझं बुधवारचं पत्र तुला गुरुवारीच मिळालंय, ड्रायव्हरला विचारून घेतलंय. म्हणजे मी लॉग बघते हे आता तुला माहीत आहे.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ओळ आली. पी-ओवेलार, प्रवेश नाकारला. आकडा तुझ्या घरचा. नऊ अकराला पुन्हा, नाकारला. मग तीन मिनिटं काहीच नाही. नऊ चौदाला तिसऱ्यांदा. त्यानंतर आला नाहीस.

मी समोरच होते. एक कळ दाबली असती तर तू आत आला असतास, आणि मला कळलं असतं की माझ्या भावाला माझ्याशी काहीतरी बोलायचं आहे, आणि आपण दोघं आणखी चार वर्षं असेच जगलो असतो. मी हात मांडीखाली घेऊन बसले होते, पोफी, खरंच मांडीखाली. इतकं कठीण काल सगळ्यांसमोरही गेलं नाही.

सोमवारी मी समितीला सांगणार आहे की पाच वाजून दहा मिनिटांनी माझा भाऊ माझ्यासमोर टोपली घेऊन उभा होता आणि मी त्याच्या हातचा चिपा घेतला नाही. प्रार्थनेला बाकीचेही होते, पण घड्याळ मी पाहिलं; ती वेळ खरी म्हणू शकेल असं दुसरं माणूस तूच आहेस. तू हो म्हणालास तर कंपनी तुला ठेवणार नाही. नाही म्हणालास तर माझ्या शब्दाला बहिणीची माया म्हणून बाजूला सारतील, आणि तेओदोसियाबाईंच्या जमिनीवर ज्याचा डोळा आहे तो तुमच्याच कचेरीत बसून तेरेरे पीत राहील. मी मात्र दोन्ही बाबतीत तेच सांगणार. तुझ्यासाठी नाही. तसं घडलं म्हणून.

तुझ्या नावाची ओळ मला आता कुठल्याच लॉगमध्ये दिसणार नाही. तू जिवंत आहेस की नाही हे यापुढे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. सोमवारी अकराला, बंदराजवळची तीच इमारत, पहिला मजला. मी साडेदहापासून दाराशी उभी असेन.

निमिया